दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या बायका कोणत्या कामांवर गेल्या?

मुक्ता_डोंबिवली:

मुलगी नववीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिने ‘महायुद्ध आणि स्त्रिया’ हा विषय घेतलाय. नेटवर शोधलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच चित्र: डोक्याला लाल रुमाल, बाही वर केलेली, दंड दाखवणारी अमेरिकन बाई. तिने ते रंगवूनही टाकलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, छान आहे, पण आपल्याकडचं काहीतरी आण.

मला आझाद हिंद सेनेतली झाशीची राणी पलटण आठवली. पण ती लढाईची गोष्ट झाली, आम्हाला मजुरी-नोकरीची हवी आहे. गिरण्या, कचेऱ्या, कारखाने, शेती, काहीही चालेल. घरात ऐकलेल्या आठवणी असतील तर फारच बरं. विकिपीडियाचे दुवे कृपया नकोत, ते सगळे तिने पाहिलेत.

---

सुमेधा_दादर:

माझी मोठी आत्या रेशनिंगच्या कचेरीत लागली होती. मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि सरकारला एकदम ढिगाने कारकून हवे झाले. घरोघरी जाऊन माणसं मोजायची, कार्डं लिहायची, खोटी नावं पकडायची, दुकानांचे हिशेब तपासायचे. मॅट्रिक झालेल्या मुलींना तिथे दार उघडलं. त्याआधी आमच्यासारख्या घरात मुलीची नोकरी म्हणजे शाळेत शिकवणं, फार तर नर्स.

आजोबा आधी नाहीच म्हणाले. पुढे महागाईने नाकात दम आणला तेव्हा गप्प बसले. आत्या सांगायची की सुरुवातीला तिला ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडायला धाकटा भाऊ यायचा, आणि पहिला पगार झाल्यावर तो यायचा बंद झाला, कारण त्याच्या कॉलेजची फी तीच भरू लागली!

युद्ध संपलं तरी धान्याची टंचाई संपली नाही, त्यामुळे कचेरीही राहिली आणि आत्याची नोकरीही. सरकारी पेन्शन घेऊन निवृत्त झाली.

---

कॅम्पातला_जोशी:

सैन्यातल्या बिगरलढाऊ कामांसाठी एप्रिल १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघालं, लोक ‘वॅक-आय’ म्हणत. टायपिंग, टेलिफोन, सांकेतिक तारा, भांडारं, गाड्या चालवणं. अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता, पण हिंदू-मुसलमान मुलीही होत्या, आणि गणवेशात खाकी साडी चालत असे. नौदलाची शाखा पुढे वेगळी झाली. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला जाऊन आल्या, त्यांचे फोटो नेटवर सापडतील. तक्त्यावर चिकटवायला उत्तम. १९४७ ला सगळं बरखास्त.

---

निवृत्त_ओव्हरमन:

मुक्ताताई, मी चांद्याचा. चंद्रपूर म्हणायची सवय अजून लागली नाही. सगळी नोकरी भूमिगत कोळसा खदानीत गेली, आधी मायनिंग सरदार, मग ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारा. माझ्या आधी बाप खदानीत, त्याच्या आधी आजा, आणि आजाबरोबर आजी. हो, आजीसुद्धा खाली. म्हणून लिहितो. जरा लांबेल.

वरच्या दोन्ही प्रतिसादांतल्या बायका युद्धामुळे पहिल्यांदा घराबाहेर पडल्या. आजीचं उलटं आहे. ती कामावर होतीच. सरकारने तिला काढलं होतं, आणि युद्धात कोळसा कमी पडला म्हणून परत बोलावलं. युद्ध संपल्यावर पुन्हा काढलं. तिन्ही वेळा तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिन्ही वेळा कायद्याचं कारण एकदम चोख होतं.

आजा भंडाऱ्याकडून पेंच खोऱ्यात, परासियाच्या बाजूला आला. आज ते मध्य प्रदेशात आहे. तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाड, राजधानी नागपूर. तिकडे आणि आमच्या इकडे बल्लारपूर, राजूर, घुग्गुस, सगळीकडे कामाची रीत एकच. जमिनीखाली गल्ल्या आखल्यासारखं काम चालतं: मधे कोळशाचे चौकोनी खांब सोडायचे आणि त्यांच्या बाजूने खोदत पुढे जायचं. जिथे कोळसा तोडतात ते टोक म्हणजे फेस. टबचे, म्हणजे कोळसा वाहायच्या छोट्या डब्यांचे, रूळ फेसपर्यंत नसायचे, थोडे मागेच संपायचे. म्हणजे तोडलेला कोळसा कोणीतरी टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन, टबपर्यंत न्यायचा. ते कोणीतरी म्हणजे बायको. नवरा तोडणार, बायको वाहणार, मजुरी टबमागे. झरियाकडे, म्हणजे धनबादच्या कोळसा पट्ट्यात, अशा बाईला कामिन म्हणत, आमच्याकडे रेजा. दोघं मिळून एक मजूर, असा हिशेब. हजेरीच्या वहीत नाव नवऱ्याचं.

१९२९ मध्ये सरकारने नियम केला की बायकांना भूमिगत कामातून हळूहळू कमी करायचं, दरवर्षी थोड्या. १९३५ मध्ये जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत जगभरासाठी ठराव झाला की जमिनीखाली बाई नको. आपल्याकडे १९३७ मध्ये पूर्ण बंदी लागली. आजीला जिनेव्हा-बिनेव्हा काही माहीत नव्हतं. ती म्हणायची, “सायबानं काडलं.”

आता, बंदी वाईट होती असं मी म्हणत नाही. मी छत सुटताना पाहिलं आहे. पण बंदी आल्यावर घरात काय झालं ते पण सांगतो. टोपली वाहायला आज्याला दुसरा माणूस जोडीला घ्यावा लागला आणि टबची मजुरी वाटून घ्यावी लागली. आजी वर आली, कोळसा निवडायच्या, गिट्टी फोडायच्या कामावर. तिथे रोज कमी, आणि तोही रोज मिळेलच असं नाही. बाईला वाचवलं हे कागदावर खरं होतं. घरची भाकरी मात्र लहान झाली. बंदीच्या बदल्यात मजुरी वाढवा, हे त्या कायद्यात कुठेच नव्हतं.

मग युद्ध. पूर्वेकडे जपान ब्रह्मदेशापर्यंत आला. विमानतळं, सडका, छावण्या, सगळीकडे लष्करी बांधकाम निघालं आणि ठेकेदार खदानीपेक्षा जास्त रोज देऊ लागले. धान्याला भाव आला म्हणून बरेच जण शेतीकडे परतले. उघड्यावर जास्त पैसे मिळत असताना कोण अंधारात जाईल? १९४२ ला देशातलं कोळशाचं उत्पादन २.९ कोटी टनांच्या आसपास होतं, १९४३ ला ते अडीच कोटींच्या जवळ आलं. रेल्वे, टाटाचं पोलाद, मुंबईच्या गिरण्या, सगळे कोळसा-कोळसा करू लागले.

ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. सगळ्यात आधी कुठे? आमच्या मध्य प्रांतात. वर्ष संपायच्या आत बंगाल-बिहारलाही.

आजी दुसऱ्यांदा खाली गेली तेव्हा तिला दोन मुलं होती, तिसरं व्हायचं होतं. माझा बाप मोठा, तो धाकटीला सांभाळायचा. आजी इन्क्लाइनने चालत उतरायची; इन्क्लाइन म्हणजे तिरकी उतरती वाट, लिफ्टची खदान नव्हती ती. एका हातात ढिबरी, म्हणजे तेलाचा उघडा दिवा, डोक्यावर चुंबळ. फेसपाशी गुडघाभर पाणी असलं तरी टब भरायचाच, कारण रिकाम्या टबचे पैसे नाहीत. टबवर आपल्या नंबराचं टोकन लावायचं. टोकन पडलं किंवा कोणी बदललं तर दिवस फुकट. म्हणून ती टोकन तारेने बांधायची आणि तारेला स्वतःची वेगळी गाठ मारायची. मी सरदार झालो तेव्हा ती गाठ तिने मला मारून दाखवली होती. मला जमली नाही.

लोकांना वाटतं तिला जबरदस्तीने नेलं असेल. मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, “वर दिवसभर उनात गिट्टी फोडा, नाहीतर खाली टोपली वाहा. खाली पैसा जास्त. मंग वर कोन राहीन?”

---

टिकोजीराव:

लेख उत्तम, पण एक गोष्ट शिताफीने गाळलीत. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं कोणाकडे होतं? डॉ. आंबेडकरांकडे. म्हणजे बायकांना खाणीत परत पाठवणारा निर्णय त्यांच्याच खात्याचा. यावर काही?

---

निवृत्त_ओव्हरमन:

गाळली नाही, पहिला प्रतिसाद आधीच लांबला होता. प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही, म्हणून उत्तर देतो.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब मजूर सदस्य झाले. त्याच महिन्यात नागपूरला दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली होती. तिच्यासोबत महिला परिषद झाली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आमच्या वस्तीतल्या काही बायका पायी आणि रेल्वेने गेल्या होत्या. आजी गेली नव्हती, तिला त्याची चुटपुट शेवटपर्यंत होती. तर ज्या माणसाचा फोटो आमच्या घरात तेव्हापासून आहे, त्याच्याच खात्याच्या हुकमाने ती खाली गेली. दोन्ही खरं आहे.

८ फेब्रुवारी १९४४ ला दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयावर तहकुबी सूचना आली आणि बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. मुद्दा सरळ होता: कोळशाचं संकट खरं आहे, ही सूट तात्पुरती आहे, आणि खाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाएवढीच मजुरी मिळेल. समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच लागू होतंय, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडे जाऊन ते स्वतः खाणीत उतरले होते. जानेवारी १९४४ च्या शेवटी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला: कोळशावर कर लावून त्यातून पाणी, दवाखाने, वस्त्या. बाळंतपणाचा कायदा १९४१ चा होता, आठ आणे रोज, आधी चार आठवडे आणि नंतर चार. खाली जाणाऱ्या बाईसाठी तो १९४५ मध्ये वाढवला. बाळंतपणाआधी दहा आठवडे तिला खाली पाठवायचंच नाही असं ठरलं.

विरोधही जोरदार झाला. अखिल भारतीय महिला परिषदेने केला, रेणुका रे यांनी केला. त्यांचं म्हणणं मी तरुणपणी वाचलं तेव्हा राग आला होता की या शिकलेल्या बायकांना आमच्या घरची चूल काय माहीत. आता वाटतं, एका जागी त्यांनी बरोबर बोट ठेवलं. मजूर कमी पडले कारण खदानीतली मजुरी कमी होती. ती लष्करी ठेकेदाराएवढी केली असती तर पुरुष परत आले असते. मालकांना बायका परत आणणं जास्त स्वस्त पडलं. यावर बाबासाहेबांचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही, आणि हे मी त्यांचा फोटो असलेल्या खोलीतच बसून लिहितोय. ते एकटे ठरवणारे नव्हते, व्हाइसरॉयचं मंत्रिमंडळ होतं, युद्ध होतं, हे सगळं धरूनही.

समान वेतनाबद्दल मात्र आजीचा अनुभव लिहून ठेवण्यासारखा आहे. टब जोडीचा असला की पैसे आज्याच्या हातात पडत. बाईचे किती, बाप्याचे किती, कोणी वेगळं मोजत नसे. पण काही महिने तिला नवऱ्याच्या जोडीतून काढून बायकांच्या लोडर टोळीत, म्हणजे टब भरणाऱ्यांत, घातलं. तिथे प्रत्येकीचं नाव वेगळं, अंगठा वेगळा, पैसे वेगळे. तेव्हा तिला कळलं की पुरुष लोडरला जेवढा दर, तेवढाच तिला आहे. त्या पैशातून तिने पितळेची घागर घेतली. आज्याला सांगितलं भावाने दिली!

---

मेधा_यॉर्कशायर:

हे वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडलं. मी वेकफील्डजवळ राहते, इथे इंग्लंडचं राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालय आहे, जुन्या खाणीत खाली नेतात. आमच्या वाटाड्याने बेव्हिन बॉइजची गोष्ट सांगितली. कोळसा इथेही तसाच कमी पडला होता, कारण खाणीतली तरुण मुलं फौजेत गेली होती. डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी जाहीर केलं की सैन्यात भरती होणाऱ्या मुलांपैकी साधारण दहातल्या एकाला बंदुकीऐवजी खाणीत पाठवायचं. कोणाला, ते चिठ्ठी काढून. भरती क्रमांकाचा शेवटचा आकडा चिठ्ठीतल्या आकड्याशी जुळला की संपलं. वकिलाचा मुलगा असो की भाजीवाल्याचा. एकूण ४८ हजारांच्या आसपास मुलं गेली.

मी विचारलं, बायकांना का नाही पाठवलं? तो हसला. म्हणाला, १८४२ पासून या देशात बाई खाली उतरलेली नाही. वर कोळसा निवडायला बायका होत्या, पण जमिनीखाली कोणाच्या मनातही आलं नाही.

---

निवृत्त_ओव्हरमन:

मेधाताई, डिसेंबर १९४३ हे वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. त्याच महिन्यात बाबासाहेब झरियात बायका काम करताना बघत होते.

म्हणजे हिशेब असा झाला. राज्य एकच, युद्ध एकच, टंचाई पण तीच. विलायतेत कोळसा कमी पडला तर वकिलाचा पोरगा चिठ्ठीने खाली. आपल्याकडे कमी पडला तर माझी आजी. चिठ्ठी काढायची गरजच पडली नाही.

आपल्याकडे गोरखपूरकडचे पुरुष मजूर सरकारने छावण्या करून कोळसा पट्ट्यात आणले, हे खरं आहे. पण ते पण गरीब, कर्जबाजारी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून कोणी खाली आला नाही.

---

सुमेधा_दादर:

हे वाचून आत्याची गोष्ट एकदम वेगळी दिसायला लागली. तिच्याबद्दल आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात की ‘युद्धात बायकांना संधी मिळाली’. तिला मिळाली, हे खरंच. पण तिच्या रेशन कचेरीत तांदूळ आणणारी आगगाडी ज्या कोळशावर चालत होती तो भरणारीला ‘संधी’ हा शब्द कोणी वापरला नसता.

---

मुक्ता_डोंबिवली:

सगळ्यांचे खूप आभार. मुलीने लाल रुमालवाल्या बाईला तक्त्याच्या कोपऱ्यात ढकललं आहे. (तसंही ते चित्र युद्धात एका कंपनीच्या भिंतींवर थोडे दिवस लागलं होतं, जगप्रसिद्ध झालं ते १९८० नंतर, हे तिनेच मला सांगितलं.) मधे आता टोपली घेतलेली बाई काढतेय.

काकांना एक प्रश्न तिच्याकडून: युद्ध संपल्यावर आजींचं काय झालं? त्यांना आनंद झाला का, की आता खाली जायला नको?

---

निवृत्त_ओव्हरमन:

बाळा, नाही झाला.

ऑगस्ट १९४५ ला युद्ध संपलं, १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू. सरकारने शब्द पाळला, तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं. आजीला मुन्शीने हजेरीच्या खिडकीवर सांगितलं की उद्यापासून वर. तिला राग या गोष्टीचा होता की दर गेला. वर तेच जुनं काम आणि तोच जुना बाईमाणसाचा रोज. खाली समान होती, वर आली की पुन्हा कमी. तिच्या मते एक तर बाईला खाली ठेवा, नाहीतर खालचा दर वर द्या. मी पुढे युनियनच्या बैठकांत बरीच भाषणं ऐकली, इतकी नेमकी मागणी फार थोड्या वेळा ऐकली.

त्यानंतर तिने वॅगन भरल्या, कोळशातले दगड निवडले, पावसाळ्यात काम बंद असलं की धान रोवायला भावाकडे गेली. कफ आणि खोकला होताच. पण त्या वस्तीत खोकला नसलेलं माणूस शोधावं लागे, त्यामुळे तो कशाने झाला हे कोणी तपासलं नाही.

आणि हे फक्त तिच्यापुरतं नाही. पुढे यंत्रं आली: कन्व्हेयर, कोळसा भरायची मशिनं. टोपलीचं काम जसजसं गेलं तसतशा वर उरलेल्या बायका पण कमी झाल्या. १९७३ ला उरलेल्या खदानी सरकारच्या झाल्या, पगार सुधारले, नोकरी पक्की झाली. तेव्हा कोळशाची नोकरी म्हणजे सोनं झालं, आणि सोनं झाल्यावर ते बाईकडे कशाला? बायकांसाठी खास स्वेच्छानिवृत्ती निघाली: बाईने नोकरी सोडायची, तिच्या जागी मुलाला घ्यायचं. माझ्या आत्याने तशीच सोडली. मुलगा लागला, सून आली, घर पक्कं झालं. आत्या मात्र म्हणायची की माझी सही असलेला पगाराचा कागद आता घरात येत नाही. तुझ्या तक्त्यात हे घालू नको, युद्धाचं नाही.

तक्त्यासाठी चार तारखा लिहून घे: १९३७ बंदी, ऑगस्ट १९४३ बंदी उठली, ८ फेब्रुवारी १९४४ दिल्लीतली चर्चा, १ फेब्रुवारी १९४६ पुन्हा बंदी. चित्रात बाईला लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं दाखव, कारण पायात पाणी असतं. डोक्यावर हेल्मेट काढू नकोस. तेव्हा नव्हतं.

---

मायनिंगवाली:

काका, मी मायनिंग इंजिनियर आहे, तुमच्याच पट्ट्यात भूमिगत खाणीत ट्रेनिंग चालू आहे. १९५२ च्या खाण कायद्यातही कलम ४६ ने बायकांना खाली मनाई होती, ती २०१९ च्या जानेवारीत शिथिल झाली. पण २०१९ च्या त्या नियमात फक्त तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७, लेखी संमती घेऊन, आणि एका पाळीत किमान तिघी तरी असल्या पाहिजेत, अशा अटी होत्या. म्हणजे त्या नियमाने माझ्यासारखी उतरू शकत होती, तुमच्या आजी असत्या तर उतरू शकल्या नसत्या. वर्गातल्या मुली म्हणतात आपण ‘पहिल्या’. आता त्यांना हा धागा पाठवते.

एक विचारू? लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाला विचारणार. खाली त्यांची शौचाची काय सोय होती? आम्हाला पण रोज पहिला प्रश्न हाच पडतो. सकाळपासून पाणी पीत नाही.

---

निवृत्त_ओव्हरमन:

पोरी, यात लाज कसली. हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

सोय नव्हतीच. जुन्या, काम संपलेल्या गल्लीत जायच्या, दोघी-दोघी, एक ढिबरी घेऊन. एक बाहेर उभी राहायची. आता तू शिकलेली आहेस, तुला कळेल ते किती धोक्याचं होतं: जुन्या गल्लीत हवा खेळत नाही, गॅस साठतो, छत कोणी ठोकून पाहिलेलं नसतं, आणि हातात उघडा दिवा. आजीच्या टोळीतली एक बाई तशीच छताखाली सापडली. नोंद झाली ‘परवानगीशिवाय बंद भागात गेली’ अशी. परवानगी असलेला भाग कोणता होता, हे त्या नोंदीत नव्हतं.

पाणी न पिता उतरू नकोस. खालच्या उष्णतेत चक्कर आली तर तुला वर आणायला चार माणसं काम सोडून येतील, आणि मग ‘म्हणूनच बायका नकोत’ हे ऐकावं लागेल. तुमच्या पाळीतल्या तिघींनी मिळून अर्ज कर: इन्टेक हवेच्या, म्हणजे ताजी हवा आत येते त्या बाजूला, सपोर्ट दिलेल्या गल्लीत, दार आणि कडी असलेली जागा, आणि ती खदानीच्या नकाशावर दाखवलेली. नकाशावर आली की तपासणीत बघावीच लागते. लेखी संमती मागतील तेव्हा त्याच कागदावर, सहीच्या वर, ही मागणी लिही. एक प्रत मॅनेजरकडे दे, दुसरीवर तारखेसह पोच घे. पोच द्यायला टाळलं तर वर्कमन इन्स्पेक्टरला गाठ, तो कामगारांचाच माणूस असतो. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, संध्याकाळपर्यंत लिहून देतो.